रांगेतले रसिक

गाणे ऐकण्यासाठी आदल्या रात्रीपासून रस्त्यावर बसून राहणाऱ्या तरुण मंडळींविषयी आमच्या तारनाक्यात अलीकडे बरीच चर्चा ऐकू येते, आणि तिच्यात कौतुकापेक्षा कुचेष्टाच अधिक असते. निमित्त परदेशी रॉक वाद्यवृंदांच्या अवाढव्य मैफलींचे. २०२५ सालच्या जानेवारीत नव्या मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वृंदाचे तीन कार्यक्रम झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस अहमदाबादेत आणखी दोन झाले. आणि फेब्रुवारीच्या २ तारखेला एड शीरन हा इंग्रज गायक आपल्याच शहराच्या वेशीपलीकडे, रामोजी फिल्मसिटीत गाऊन गेला. असल्या मैफलींत रंगमंचासमोरचा मोठा पट्टा बहुधा बिनखुर्चीचा असतो. तिकिटावर आसनाचा क्रमांक नसतो. तिकीट म्हणजे केवळ आत येण्याचा परवाना. आत आल्यावर ज्याचे पाय जिथे पोचतील ती त्याची जागा. त्यामुळे ज्याला अगदी पुढच्या कठड्याला छाती टेकून गाणे ऐकायचे आहे त्याने दार उघडण्यापूर्वी आठ-दहा तास, आणि वृंद फारच नामांकित असेल तर रात्रीच जाऊन दाराशी बसायचे, अशी रीत जगभर पडली आहे. ती आता आपल्याकडेही आली.

“तिकीट खिशात असताना रस्त्यावर रात्र काढायची, याला काय म्हणावे?” असे आमच्या गल्लीतले एक निवृत्त शास्त्रज्ञ परवा मला म्हणाले. (तारनाक्यात दर तिसऱ्या घरी एक शास्त्रज्ञ सापडतो, इतक्या प्रयोगशाळा एका चौकाभोवती जमल्यावर दुसरे काय होणार?) त्यांनी ध्वनिशास्त्राचाही दाखला दिला. मोठ्या मैदानावर आवाज सर्वांत चांगला कुठे ऐकू येतो? जिथे ध्वनिनियंत्रकाचे टेबल मांडलेले असते तिथे, म्हणजे मैदानाच्या साधारण मध्यावर. कारण तो माणूस स्वतःच्या कानाला जे गोड लागेल तेच जुळवून देत असतो. अगदी पुढे कठड्याशी उभे राहिले तर ढोलांचा दणका छातीवर येतो आणि गायकाचा शब्द मात्र डोक्यावरून जातो. तेव्हा रात्रभर जागून ही मुले जी जागा पटकावतात ती ऐकण्याच्या दृष्टीने दुय्यमच, असा त्यांचा निष्कर्ष.

ध्वनिशास्त्रापुरते त्यांचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. तरीही मी संगीताचा शिक्षक, या मुलांची बाजू घ्यावी म्हणतो. ती का, हे सांगण्यापूर्वी ही रांग असते कशी ते वाचकांना ठाऊक असलेले बरे.

माझ्याकडे सकाळी ख्याल शिकायला येणारा आणि संध्याकाळी आपल्या खोलीत गिटार छेडणारा उस्मानिया विद्यापीठातला एक विद्यार्थी आहे. मुंबई-बंगळूरच्या असल्या दोन-तीन मैफलींना तो जाऊन आला. एरवी हुसेनसागर एक्सप्रेसने पहाटे मुंबईत उतरायचे आणि तडक मैदान गाठायचे हा त्याचा शिरस्ता. एकदा मात्र तो आदल्या दिवशीच जाऊन दाराबाहेर अख्खी रात्र बसला. सर्वांत आधी येणारा माणूस एक वही उघडतो. पाठोपाठ येणाऱ्याचे नाव तीत टिपून त्याला नंबर देतो आणि तो नंबर त्याच्या मनगटावर जाड शाईने लिहितो. या वहीवाल्याला कोणी नेमलेले नसते, आयोजकांचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो. पण वहीचा कायदा कडक. दर दोन-तीन तासांनी हजेरी होते. हजेरीला जो नाही त्याचे नाव खोडले जाते. चहाला जायचे असो की परसाकडे, मागच्याला सांगून जायचे आणि ठरल्या वेळी परतायचे. मित्रासाठी जागा धरून ठेवता येत नाही, एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून चार जणांची सोय करणाऱ्या आपल्या लोकांना हा नियम पचायला जड जातो, असे तो हसत म्हणाला. त्या रात्री रांगेत नांदेडचा एक जण होता, कोल्हापूरचे दोघे होते, गुवाहाटीहून आलेली एक मुलगी आणि तिचा भाऊ होता. डबे एकमेकांत फिरले. पहाटे तीनच्या सुमारास कोणीतरी गिटार काढले आणि आमच्या पठ्ठ्याने त्यावर भूप म्हटला. गुवाहाटीच्या मुलीने त्यावर तिच्या गावचे एक गाणे म्हटले.

पुढची हकीकत इतकी गोड नाही. उजाडल्यावर आयोजकांची माणसे आली, त्यांनी वही पाहिली आणि ती हसली. दुपारी दार उघडायची वेळ झाली तेव्हा रांग ज्या दाराशी होती ते बंदच राहिले आणि पन्नास पावलांवरचे दुसरेच दार उघडले. रात्र काढलेले सगळे मागे पडले, नुकतेच रिक्षातून उतरलेले पुढे झाले. धावाधाव झाली, एक मुलगी पडली, तिचे दोन्ही गुडघे फुटले. माझा विद्यार्थी वहीत सतरावा होता. आत पोचला तेव्हा त्याच्यापुढे दोन-तीनशे माणसे होती. त्याला जागेचे दुःख फारसे झाले नव्हते. “सर, कोणी भांडले नसते. आम्ही एकामागे एक आत गेलो असतो. त्यांनी फक्त आमचेच दार उघडायचे होते,” एवढेच तो म्हणत होता.

रांग म्हटली की आपल्याला रेशनचे दुकान आठवते, म्हणून तिच्याविषयी आपल्या मनात अढी आहे. पण मराठी माणसाजवळ या गोष्टीसाठी एक फार जुना शब्द आहे: बारी. आषाढीला पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकायचे असेल तर दर्शनबारीत उभे राहावे लागते, आणि ती बारी गावाबाहेर गोपाळपूरपर्यंत जाते. दिवस जातो, रात्र जाते, पुन्हा उजाडते. ज्याला तेवढा दम नाही त्याच्यासाठी मुखदर्शन आहे. लांबून पाहावे, हात जोडावे आणि परत फिरावे. देव दोन्हीकडून एकच दिसतो. तरीही पायांपर्यंत जाण्यासाठी तीस-तीस तास उभ्या राहणाऱ्या म्हातारीला आपण वेडी म्हणत नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्यात होता; तिकडून निघालेल्या दिंड्यांबरोबर ज्यांचे आजोबा-पणजोबा गेले अशी कुटुंबे या शहरात शेकड्यांनी आहेत. बारीत उभे राहणे हा दर्शनाचाच भाग असतो, हे त्यांना निराळे सांगायला नको.

गाण्याच्या बाबतीतही हे आपल्याला अगदीच नवे नाही. मुंबईत गिरगावच्या गणेशोत्सवात भर रस्त्यावर मोठमोठ्या गवयांच्या बैठका होत, आणि तिकीट नसलेला श्रोता संध्याकाळपासून पदपथावर वर्तमानपत्र अंथरून बसे तो पहाटे भैरवी ऐकूनच उठे. पुण्यात १९५३ साली पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. त्याची रात्र-रात्र चालणारी सत्रे ध्वनिक्षेपकांवरील निर्बंधांमुळे पुढे बंद झाली, पण तिथली ‘भारतीय बैठक’ टिकून आहे. सोफ्यांवर आणि खुर्च्यांवर नंबर असतात. भारतीय बैठकीचे तिकीट स्वस्त आणि बिननंबरी. दार उघडताच सतरंजी काखोटीला मारून पुढे पळणारी साठीची मंडळी पाहिली म्हणजे आमच्या शास्त्रज्ञ शेजाऱ्यांचा तरुण पिढीविषयीचा आक्षेप थोडा सौम्य होईल. (एक सतरंजी पसरून दहा जणांची जागा अडवणाऱ्यांविषयी मी इथे काही लिहीत नाही. ते स्वतःला ओळखतात.)

मी दरबारी गवयाचा मुलगा. माझे वडील ऐन विशीत दक्षिण महाराष्ट्रातील एका लहानशा संस्थानात नोकरीला होते. १९४८ साली ती संस्थाने विलीन झाली, दरबार उठला, आणि शिकवण्या करीत करीत ते हैदराबादेत आले. मी त्यांचे पन्नाशीनंतरचे शेंडेफळ. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, फक्त ऐकला. त्यांच्या आठवणींत रागांपेक्षा बैठकीची मांडणी अधिक असे. मधोमध गादी. उजवीकडे मानकरी, डावीकडे कारभारी आणि पाहुणे. त्यांच्यामागे हुद्द्याप्रमाणे बाकीचे. कोण कोणाच्या पुढे बसतो यावरून वर्ष-वर्ष अबोला धरणारी घराणी होती. गाणे सुरू होऊन घटकाभर झाला की पुढच्या ओळीत पानाचे तबक फिरे, कोणी पेंगे, कोणी शेजाऱ्याशी जमिनीच्या दाव्याविषयी कुजबुजे. आणि दालनाच्या टोकाला चिकाचा पडदा सोडलेला असे. त्याच्यामागे पाणक्या, मशालजी, घोड्याचे मोतद्दार असे शागीर्दपेशाचे लोक दाटीने उभे असत. वडील सांगत की समेवर पहिली मान त्या चिकाच्या मागे हलायची. दिसायचे काही नाही, नुसता पडद्यापलीकडचा काळोख किंचित हलल्यासारखा वाटायचा. ते त्या काळोखाकडे पाहून गात.

याच शहरात पंडित मोतीरामांच्या वाट्याला आलेला प्रसंग बहुतेकांना ठाऊक आहे. १९३४ साली निजाम उस्मान अली खानांच्या दरबारी गायक म्हणून त्यांची नेमणूक व्हायची होती, आणि नेमक्या त्याच दिवशी ते वारले. धाकटा मुलगा जसराज तेव्हा चार वर्षांचा होता. त्यांची समाधी अंबरपेठेत आहे, आमच्या तारनाक्यापासून फार दूर नव्हे. दरबारातली ती जागा मिळायची राहिली ती राहिलीच. पण १९७२ पासून पंडित जसराजांनी वडील मोतीराम आणि थोरले बंधू मणिराम यांच्या नावे इथे दरवर्षी संगीत समारोह भरवला. ज्या गळ्याचा वारसा चार मानकऱ्यांपुढे मांडला जायचा तो शेकडो सामान्य श्रोत्यांसमोर आला.

आता शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर. ही मुले पुढे जाऊन उभी राहतात ती अधिक चांगले ऐकू यावे म्हणून नाही. आपण ऐकतो आहोत हे गाणाऱ्याला कळावे म्हणून ती पुढे जातात. हा फरक ज्याने कधी लहान बैठकीत गायले-वाजवले आहे त्याला चटकन उमजेल. पुढच्या चार ओळींत कोण बसले आहे यावर मैफलीचा रंग ठरतो. एखादी अनवट जागा घेतल्यावर समोरचा डोळे मिटून ‘हं’ म्हणाला तर गवई तीच जागा पुन्हा वेगळ्या वळणाने घेतो. समोरचा घड्याळाकडे पाहत असेल तर तो सरळ द्रुत सुरू करतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की तबल्यावर एक कान ठेवा आणि पहिल्या ओळीवर एक डोळा ठेवा. रॉकवाल्यांचेही तेच असते. पन्नास हजारांच्या मैदानात दिव्यांच्या झोतामागे गायकाला दिसून दिसून किती माणसे दिसणार? कठड्यालगतची शे-दोनशे. बाकी सगळा काळोख. त्या शे-दोनशे चेहऱ्यांकडे पाहून तो पुढच्या पन्नास हजारांसाठी गातो. मग ते चेहरे कोणाचे असावेत? ज्याने पैसे जास्त मोजले त्याचे, की ज्याने रात्र जागवली त्याचे?

लंडनमध्ये १८९५ साली सुरू झालेल्या ‘प्रॉम्स’ नावाच्या उन्हाळी मैफलींनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. या मैफली १९४१ पासून रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये होतात. तिथे वाद्यवृंदाच्या अगदी समोर, जिथे आपण सोफे मांडू तिथे, खुर्च्याच नसतात. ती जागा उभे राहून ऐकणाऱ्यांची, आणि तिचे तिकीट सर्वांत स्वस्त. ते त्याच दिवशी मिळते. अनेक वर्षे त्यासाठी दाराशी रांग लावावी लागे, अलीकडे घरबसल्याही काढता येते. तिथे वाजते ते रॉक नसून बीथोव्हेन आणि महलर. भारी किमतीच्या मखमली खोल्यांत बसलेली धनिक मंडळी या उभ्या श्रोत्यांच्या डोक्यांवरून कार्यक्रम पाहतात. शिष्टाचाराविषयी इतके काटेकोर असलेले लोक ही व्यवस्था शंभर वर्षांहून अधिक काळ सांभाळून आहेत.

रांगेच्या विरोधात एक मुद्दा मात्र असा आहे की ज्याच्यापुढे कौतुकाची भाषा थांबते. तो जिवाचा. १९७९ सालच्या ३ डिसेंबरला अमेरिकेत सिनसिनाटी शहरात ‘द हू’ या वृंदाची मैफल होती. अठरा हजारांवर तिकिटे विकली गेली होती आणि त्यांतली बहुतेक बिननंबरी. दुपारपासून हजारो मुले थंडीत दाराशी उभी होती. आत वृंदाने वाद्ये जुळवून पाहायला सुरुवात केली, तो आवाज बाहेर ऐकू आला, मुलांना वाटले मैफल सुरूच झाली. आणि उघडलेली दारे मोजकीच. मागून रेटा आला. ११ जण गुदमरून मेले. त्यांतले सर्वांत कमी वय १५ वर्षांचे होते, सर्वांत जास्त २७ वर्षांचे. आत गाणाऱ्यांना मैफल संपेपर्यंत याचा पत्ता नव्हता. त्या शहराने महिन्याच्या आत बिननंबरी आसनांवर बंदी घातली आणि ती २००४ पर्यंत उठवली नाही.

इतक्या दूर जायचेही कारण नाही. २०२२ सालच्या २२ सप्टेंबरला भारत-ऑस्ट्रेलिया क्रिकेट सामन्याच्या तिकिटांसाठी सिकंदराबादच्या जिमखाना मैदानावर हजारो लोक जमले होते. सामना आमच्या शेजारच्या उप्पलच्या मैदानावर व्हायचा होता, त्यामुळे तारनाक्यातली पुष्कळ पोरे त्या गर्दीत होती. रेटारेटी झाली, लाठ्या चालल्या, कित्येक जण जखमी होऊन इस्पितळात गेले. २०२५ सालच्या ८ जानेवारीला तिरुपतीत वैकुंठद्वार दर्शनाच्या टोकनसाठी जमलेल्या गर्दीत सहा भाविक मरण पावले. आरटीसी क्रॉस रोड्सच्या संध्या चित्रपटगृहापाशी २०२४ सालच्या ४ डिसेंबरला काय झाले ते या शहराला सांगण्याची गरज नाही. एक चित्रपट, एक नट, आणि एका घरातली आई गेली.

या सगळ्या दुर्घटना एकत्र ठेवून पाहिल्या की ‘रांगा लावणाऱ्यांचे वेड’ हे कारण मला तरी त्यांत दिसत नाही. सिनसिनाटीत दारे कमी उघडली होती. जिमखान्यावर हजारोंच्या गर्दीपुढे व्यवस्था तोकडी पडली. लोक जिथे नंबराने उभे असतात आणि आपला नंबर पाळला जाईल असा त्यांना भरवसा असतो, तिथे रेटा येत नाही. पुढे घुसून काही मिळणारच नसते. आपण रात्रभर थांबलो तरी दार भलतीकडेच उघडेल ही धास्ती मनात शिरली की सद्गृहस्थसुद्धा कोपर चालवू लागतो. त्या मुलांच्या वहीने जे काम फुकट केले होते ते काम तिकिटांचे कोट्यवधी रुपये गोळा करणाऱ्याला जमू नये, हे मला अक्षम्य वाटते.

आयोजकांचा यावर तयार तोडगा असतो: सगळे संगणकावर करू. तोही आपण पाहिला. कोल्डप्लेची तिकिटे २०२४ सालच्या २२ सप्टेंबरला दुपारी बारा वाजता विक्रीस निघाली. संकेतस्थळ कोलमडले, आणि पडद्यावर ‘तुमच्या पुढे इतके लाख’ असा आकडा घेऊन लोक घरोघर बसून राहिले. नंतर हीच तिकिटे काळ्या बाजारात लाखाच्या भावाने मागितली जात असल्याचे वृत्तपत्रांत आले. ती रांगच होती म्हणे. पण रांगेत पुढच्याची पाठ दिसते. तो कोण, केव्हा आला, हे ठाऊक असते. मध्ये कोणी घुसला तर ओरडता येते. संगणकाच्या रांगेत पुढे माणूस आहे की दलालाचे यंत्र, हे कळायला मार्ग नाही. आणि त्या मैफलीत उभे राहण्याचे तिकीट ६,४५० रुपयांचे होते, तर ‘लाउंज’ नावाच्या राजेशाही जागेचे ३५,०००. गादी उठली तरी मानकऱ्यांची ओळ शिल्लक आहेच.

रात्रभर रांगेत कोण थांबू शकतो, असे एक वाचक विचारतील, आणि ते विचारणे रास्त आहे. सकाळी कामावर जाणारा थांबू शकत नाही. गुडघे दुखणारा थांबू शकत नाही. मुलीला रात्री मैदानाबाहेर बसू द्यायला किती आईबाप तयार होतील? म्हणजे वेळ हीसुद्धा एक प्रकारची श्रीमंतीच झाली, आणि ती विशीतल्या सडाफटिंग मुलांकडे सर्वांत जास्त. यावर अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाच्या मैफलींत एक युक्ती वापरली गेली. ठरावीक वेळेपर्यंत जो कोणी येईल त्याच्या मनगटावर क्रमांकाची पट्टी बांधायची. मग सर्वांदेखत एक चिठ्ठी काढायची. जो क्रमांक निघेल तिथून रांग सुरू, आणि तिथून ओळीने पुढे. रात्री दोनला आलेला आणि दुपारी दोनला आलेला, दोघांना संधी सारखीच. त्यामुळे रात्री कोणी येतच नाही. हजारोंच्या मैफलीला हीच पद्धत बरी, असे माझे मत आहे. तिच्यात पहाटे तीनचा भूप मिळत नाही, हे खरे. विम्बल्डनच्या टेनिसवाल्यांनी उलट मार्ग धरला. तिथे शेजारच्या बागेत तंबू ठोकून रात्र काढू देतात, पण प्रत्येकाच्या हाती तारीख आणि क्रमांक छापलेले कार्ड असते आणि ते कार्ड मानले जाते. दोन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे: वही आयोजकाने स्वतः हातात घेतली आहे.

आमच्या शहरातल्या शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमांना कोल्डप्लेसारखी गर्दी लोटत नाही, तेव्हा हा प्रश्न आपला नव्हेच, असे कोणी समजू नये. गेल्या हिवाळ्यात मी आठ विद्यार्थ्यांना घेऊन एका सभागृहातल्या मैफलीला गेलो होतो. प्रवेश विनामूल्य, जो आधी येईल त्याला जागा, असे पत्रिकेत छापले होते. आम्ही दीड तास आधी पोचलो. आमच्यापुढे पाच-सहा माणसेच होती. दार उघडले तेव्हा पहिल्या तीन ओळी सोफ्यांच्या, आणि प्रत्येक सोफ्यावर ‘राखीव’ची चिठ्ठी. चौथ्या-पाचव्या ओळीत कार्यकर्त्यांच्या घरच्या मंडळींच्या पर्स आणि शाली. आम्ही नवव्या ओळीत बसलो. बुवांनी मारवा मांडला. तीन ओळींपैकी दोन शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या; तिसरीत कोणी पाहुणे आले, हार घेतला, फोटो झाला आणि मध्यंतराआधी गेले. मागे भिंतीला टेकून कॉलेजची मुले उभी होती. बुवा त्या रिकाम्या सोफ्यांकडे पाहून मारवा गात होते, आणि मारव्याचा तो रिषभ कोणाच्या तरी डोळ्यांत उतरलेला पाहायला मिळावा म्हणून अधूनमधून मान उंचावून मागे पाहत होते.

मी त्या संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने हे सगळीकडेच चालते. देणगी देणाऱ्याचा मान राखावा लागतो, हेही मला कळते. वडिलांची उमेद त्या मानावरच गेली. पण मान बाजूच्या ओळींतही राखता येतो. कार्तिकानंतर शहरातल्या सभा-समारोहांचा हंगाम सुरू होईल. आयोजकांना माझे सांगणे थोडके आहे. व्यासपीठासमोरच्या पहिल्या दोन ओळींतल्या खुर्च्या काढून टाका आणि तिथे जाजम अंथरा. दोन तास आधी दाराशी एक माणूस टेबल घेऊन बसवा. येणाऱ्याला हाती क्रमांकाचे कूपन द्या, एकाला एकच, म्हणजे पाय मोकळे करून यायलाही हरकत राहणार नाही. म्हाताऱ्यांसाठी बाहेर दोन बाके टाका, एक पाण्याचा माठ ठेवा, आणि बायकांसाठी स्वच्छतागृहाचे कुलूप आठवणीने उघडा. दार उघडाल ते कूपन वाटले तेच उघडा, आणि क्रमांक पुकारून आत सोडा. ‘राखीव’ची चिठ्ठी लावायचीच असेल तर तिच्यावर वेळ घाला: कार्यक्रम सुरू होण्याआधी पाच मिनिटांपर्यंत. त्यानंतर ती जागा मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलांची.